गोधडीखालचे स्पीकर

साळवेकाकांशी माझी पहिली भेट झाली ती मी त्यांच्याशी भांडायला गेले तेव्हा. बदलापूरच्या खरवईतल्या नव्या इमारतीत आम्हाला येऊन आठवडाही झाला नव्हता. निम्मे खोके बांधलेलेच होते, शेगडी जमिनीवर होती, आणि हॉलच्या भिंतीतून सकाळपासून घूं घूं असा एक आवाज येत होता. पाण्याचा पंप म्हणावा तर तो नाही, गिरणी म्हणावी तर तीही नाही. भिंतीच्या आत बसून कुणीतरी तोंड मिटून गुणगुणत असावं तसा. दुपारपर्यंत मी कळ काढली. मग ओढणी कमरेला खोचली आणि शेजारची बेल दाबली.

दार उघडलं ते एका उंच, काटक, भरघोस पांढऱ्या मिशांच्या गृहस्थांनी. वर कडक इस्त्रीचा शर्ट, खाली लुंगी. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. आत रुळतायत."

"कोण?"

ते बाजूला सरकले. हॉलच्या मधोमध दोन काळे स्पीकर एकमेकांकडे तोंड करून चिकटवून ठेवले होते आणि त्यांच्यावर एक जाडजूड गोधडी पांघरली होती. ताप आलेली दोन भावंडं एका पांघरुणात निजवावीत, असा तो थाट.

"कालच आणलेत," काका खालच्या आवाजात म्हणाले. "नवीन स्पीकरचा पडदा कडक असतो. पहिल्याच दिवशी मोठ्याने वाजवला की घाबरतो. म्हणून थोडे दिवस हळू वाजवून रुळवायचा. आणि बघा, एकाची वायर मुद्दाम उलटी जोडलीय. एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, दोघांचा आवाज आपसातच जिरतो. वरून गोधडी. शेजाऱ्यांना त्रास नको, कसं?"

"पण मला ऐकू येतंय," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, चक्क कौतुक होतं. "तुमचे कान चांगले आहेत मॅडम. या, चहा घ्या."

भांडण तिथेच राहिलं. सुमनकाकूंनी चहा आणला. मी म्हटलं, साखर नको हं मला. काकू गोड हसल्या, मान हलवली आणि माझ्या कपात दोन चमचे साखर घातली. "साखर नको म्हणतायत त्या!" काका असे गरजले की माझा कप हिंदकळला. आत्तापर्यंत कुजबुजणारा हाच माणूस का, असं मला वाटलं. काकूंनी ओशाळून कप उचलला. काका खिडकीबाहेर बघत बसले. त्या घरात काय दुखतंय ते मला पहिल्याच दिवशी दिसलं. कळायला मात्र वेळ लागला.

काका अंबरनाथच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. तयार झालेलं मशीन बाहेर पाठवण्याआधी चालवून बघायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाले तरी ते खातं त्यांनी सोडलं नव्हतं, फक्त घरी आणलं होतं. नवा मिक्सर आला की आधी नुसतं पाणी फिरवायचं. नवी चप्पल आठवडाभर घरातल्या घरात. नव्या कुकरमध्ये पहिले दोन दिवस काहीच शिजायचं नाही, शिट्ट्या मात्र व्हायच्या. मुलीच्या लग्नानंतर वर्षभर त्यांनी जावयाशी राजकारणावर एक अवाक्षर काढलं नव्हतं. का, तर "अजून नवीन आहे तो." त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "आधी ओळख, मग आवाज." ते वाक्य ते अशा काही ऐटीत टाकत, की पुढे बोलायची सोयच उरू नये. नम्रपणाशी काकांचा फारसा संबंध नव्हता. आपण बरोबर आहोत हे त्यांना माहीत असे आणि समोरच्यालाही ते लवकरात लवकर कळावं, अशी त्यांची प्रामाणिक इच्छा असे.

त्यांना एकच तोडीस तोड माणूस भेटला होता: उल्हासनगर कॅम्प एकमधले गोपसेठ. ऑडिओच्या सामानाचं त्यांचं दुकान बोळकंडीसारखं अरुंद, आणि त्यात हातातल्या मोबाइलएवढ्या डब्यापासून माणसाच्या उंचीच्या खोक्यापर्यंत सगळे स्पीकर एकाच वेळी वेगवेगळी गाणी म्हणत असायचे. काका महिन्यातून एकदा तिथे जायचे, ते खरेदीपेक्षा वादासाठी. एकदा मी इस्त्री घ्यायला त्या बाजूला गेले होते, काकांबरोबर आत शिरले, आणि सगळा सामना डोळ्यांनी पाहिला.

"साळवे साईं, ये क्या बच्चे की माफिक सुलाते हो?" गोपसेठ गल्ल्यावरून ओरडले. "फुल्ल पे डालो दो घंटा, अपने आप खुल जाएगा."

"गोपसेठ, नवीन गाडी पहिल्याच दिवशी शंभरने पळवता का?"

"हम तो पळवता है."

"म्हणून तुमची गाडी कायम गॅरेजमध्ये."

गोपसेठ पोट हलवून हसले आणि त्यांनी दोन मसाला सोडा मागवले. आवाज किती ठेवावा यावर त्या दोघांचं कधीच एकमत झालं नाही आणि व्हावं असं दोघांपैकी एकालाही वाटत नव्हतं.

काकूंचं मला काकांनीच सांगितलं, एका संध्याकाळी, गॅलरीत. लग्नानंतर कितीतरी वर्षं काकू अंबरनाथलाच एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर होत्या. दिवसभर धाड धाड. कान हळूहळू गेले, इतके हळूहळू की कुणालाच कळलं नाही. पण त्याआधी विहारात महिला मंडळाचं गाणं असलं की पुढची ओळ काकूंची. आमच्याकडे भजनाला असतं तसंच: एकीने ओळ सांगायची, बाकीच्यांनी ती मागून म्हणायची. एका पौर्णिमेला बायकांची ओळ अर्ध्यावर असतानाच काकूंनी पुढची उचलली. त्यांना मागचं ऐकूच येत नव्हतं. असं तीन-चारदा झालं. मागून दोघी फिसकन हसल्या. हसू काही काकूंना ऐकू आलं नाही, पण वळून पाहिल्यावर तोंडाला लावलेले पदर दिसले. त्यांनी हातातले टाळ खाली ठेवले ते ठेवलेच. त्यानंतर विहारात त्या सर्वांत मागे बसत. हळूहळू लोक म्हणू लागले, साळवेबाईंना शिष्टपणा आलाय.

"आणि माझा आवाज चढतो ना घरात, तो मला स्वतःला आवडत नाही," काका म्हणाले. "आयुष्यभर सगळ्यांना शिकवलं, आवाज चढवू नका. आणि बायकोशी प्रेमाचं एक वाक्य बोलायचं तर सगळ्या बिल्डिंगला कळतं." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "मला बाकी काही नको. तिने एकदा पुढची ओळ घ्यावी. बस."

त्यांची मुलगी नाशिकहून आली आणि हट्टाने आईला उल्हासनगरला कान तपासायला घेऊन गेली. बरोबर काका होतेच. कानाचं मशीन ठरलं, मापाचं होऊन आलं. तिथल्या बाईंनी नीट समजावलं होतं, की सुरुवातीला आवाज कमी ठेवा, थोडा थोडा वेळ वापरा, मग हळूहळू वाढवत न्या. काका खूश होऊन घरी आले. "बाईंना विषय कळतो," ते मला म्हणाले. "माझंच म्हणणं आहे ते."

चार-पाच दिवसांनी मी विरजण मागायला गेले, तर हॉलमध्ये रेडिओ हळू आवाजात चालू, समोर स्टीलची वाटी, वाटीत कापसाच्या गादीवर कानाचं मशीन, आणि या सगळ्यावर टॉवेल. टॉवेलाखालून बारीक शिट्टी येत होती.

"काका, हे काकूंच्या कानात नको का?"

"नवीन आहे, मॅडम. आधी रुळू दे. शिट्टी ऐकलीत? मोकळं व्हायला लागलंय."

मशीन अशा रीतीने यथासांग रुळल्यावर काकांनी मुहूर्त केला. मलाही बोलावलं. काकू ठेवणीतली साडी नेसून खुर्चीत बसल्या, लग्नात बसवतात तशा. काकांनी मशीन त्यांच्या कानात बसवलं आणि आता रुळलंय म्हटल्यावर काय भीती, म्हणून आवाज एकदम वर नेला. मग गुडघ्यावर बसून अगदी हळू, काकूंशी बोलताना मी कधीच ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाले, "सुमन."

नेमकी तेव्हाच स्वयंपाकघरात कुकरने शिट्टी दिली.

काकू किंचाळून उठल्या. मशीन उपटून त्यांनी टेबलावर टाकलं. "डोक्यात भांडी पडली माझ्या. नको मला ते." त्यांनी ते डबीत भरलं आणि डबी लोणच्याच्या बरणीमागे सारली.

पुढचे दिवस वाईट गेले. आमची भिंत गप्प झाली. गोधडी घडी घालून कोपऱ्यात, रेडिओ बंद. काका जिन्यात भेटले तरी "काय मॅडम" एवढंच म्हणत. त्यांच्या ज्या गोष्टींचा मला नेहमी राग यायचा त्या सगळ्या, ती ऐट, ती छाती काढून दिलेली व्याख्यानं, एकाएकी हव्याशा वाटायला लागल्या.

एका सकाळी ते पिशवी घेऊन निघालेले दिसले. मशीन परत करायला. "पीस खराब आहे," दारात उभं राहून त्यांनी मला सांगितलं. "एवढा रुळवूनही असं करतं म्हणजे काय?" आणि तेच काकूंना कळावं म्हणून पुन्हा ओरडून सांगितलं.

काकू हात पुसत बाहेर आल्या. शांतपणे म्हणाल्या, "मशीन रुळलं असेल हो. मी कुठे रुळलेय?"

काकांनी पिशवी खाली ठेवली.

"इतकी वर्षं कानात काही नाही, आणि एकदम कुकर. तुमच्या स्पीकरला गोधडी, वाटीला टॉवेल. मला नाही का काही हळूहळू?"

काका दारातल्या चपलांच्या स्टँडवरच बसले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "अहो, उल्हासनगरची ती बाई हेच सांगत होती. मला वाटलं, मशीनबद्दल बोलतेय." आणि ते हसायला लागले, इतके की डोळ्यांत पाणी आलं. काकू काही न ऐकताही हसल्या.

मग मात्र साळवेकाकांनी जे काम हातात घेतलं ते पाहण्यासारखं होतं. मशीनचा आवाज सगळ्यात खाली. आतली खोली, खिडक्या बंद, पंखा बंद. एका वेळी एकच आवाज. पहिल्या दिवशी कपात चमचा फिरवला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राची घडी मोडली. काकूंना कंटाळा आला की मशीन काढायचं, त्यावर वाद नाही. तिसऱ्या की चौथ्या दिवशी काकू केस सारखे करत होत्या आणि हात तसाच हवेत ठेवून थांबल्या. "अहो, माझ्या बांगड्या वाजतात," त्या म्हणाल्या. दिवसभर त्या मधेच हात हलवून बघत होत्या. हे मला सांगता सांगता काका खिडकीकडे वळले, आणि तसंच पाठमोरं राहून त्यांनी मला पडद्याचा कडकपणा या विषयावर पुन्हा एकदा व्याख्यान दिलं. मी ते आनंदाने ऐकलं.

खोलीतून स्वयंपाकघर, मग गॅलरी, मग बदलापूरची भाजीमंडई. दर टप्प्याला आवाज एक घर वर. फोडणीची ओळख झाल्यावर कुकरची झाली, तीही दूरच्या खोलीतून. एक दिवस माझ्या लक्षात आलं, की भिंतीतून काकांचं ओरडणं येईनासं झालंय. कान लावला तर नुसती कुजबुज. ते दोघं बोलत होते, आणि काय बोलत होते ते मला ऐकू येत नव्हतं. मी कान काढून घेतला.

शेवटची परीक्षा म्हणून काका त्यांना गोपसेठच्या दुकानात घेऊन गेले. आत पाऊल टाकताच काकूंचा हात कानाकडे गेला. गोपसेठने ते पाहिलं. एक शब्द न बोलता ते उठले आणि पोट सावरत एकेक करून सगळे स्पीकर त्यांनी बंद केले. त्या दुकानात एवढी शांतता बहुधा पहिल्यांदाच झाली असेल. मग स्टूल पुढे करून साध्या आवाजात म्हणाले, "बोलो भाभी. ठंडा की चाय?"

"चहा. साखर कमी," काकू म्हणाल्या.

"माझ्या सांगण्यावरून गोपने कधी एक बटण खाली आणलं नव्हतं," काका मला नंतर सांगत होते. "तिच्यासाठी सगळं दुकान बंद केलं."

त्याच सुमारास विहारासाठी नवी साउंड सिस्टीम आली, गोपसेठकडूनच. पहिल्यांदा वाजायची होती वैशाख पौर्णिमेला. कमिटीचा सेक्रेटरी दिनेश उत्साही माणूस; आवाज थेट पलीकडच्या चामटोली गावापर्यंत गेला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. काकांनी जाहीर केलं, की सिस्टीम आठवडाभर आपण रुळवणार. "काका, पाळणा पण आणू का?" दिनेशने विचारलं. काकांनी तिकडे दुर्लक्ष केलं. रोज संध्याकाळी रिकाम्या विहारात हळू आवाजात वंदना लावायची आणि समोर सतरंजीवर काकूंना बसवायचं, असा त्यांचा क्रम सुरू झाला. रोज आवाज किंचित वर. स्पीकर रुळवण्याच्या नावाखाली तिथे खरं कोण रुळत होतं, ते मला आणि काकांना माहीत होतं. काकूंना ठाऊक होतंच.

पौर्णिमेला विहार गच्च भरला. बायका पांढऱ्या साड्यांत, बाहेर मंडपात खुर्च्या. काकांच्या आमंत्रणावरून मी होते, गोपसेठही पहिल्या ओळीत बसले होते. पंचशील झालं, भाषणं झाली, आणि गाण्याची वेळ येताच दिनेशने मोठ्या अभिमानाने बटण शेवटपर्यंत फिरवलं. स्पीकर करकरले. लोकांनी कान झाकले. आणि सर्वांत मागून काकू उठल्या.

माणसांतून वाट काढत त्या पुढे येत होत्या आणि कुजबुज वाढत होती. माइकपाशी त्या उभ्या राहिल्या. "दिनेश," त्या म्हणाल्या, "आवाज खाली घे. माझाच आवाज मला ऐकू येत नाही."

दिनेशचा हात बटणावर तसाच राहिला. साळवेबाईंना ऐकू येत नाही हे एव्हाना सगळ्या वस्तीला माहीत होतं. त्याने घाईघाईने आवाज कमी केला.

"अजून थोडा."

त्याने अजून कमी केला.

"बस. आता ठीक."

मग त्यांनी पुढची ओळ घेतली. गाणं त्यांच्या आईकडून आलेलं होतं, कुठे छापलेलं नव्हतं. आवाजाला वयाची धार आली होती पण सूर जागच्या जागी होता. ओळ संपली आणि काकू थांबल्या. बायका त्यांच्याकडे बघत बसल्या होत्या, मागून म्हणायचं आहे हेच विसरून.

"म्हणा की गं," काकू म्हणाल्या.

सगळा विहार हसला, आणि बायकांनी ओळ उचलली. काकूंनी मान किंचित तिरकी करून ती ऐकली, शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकली, आणि मग दुसरी घेतली. प्रत्येक ओळीनंतर त्या तशाच थांबत होत्या. मला त्या रात्रीचं गाणं जेवढं आठवतं त्याहून जास्त त्यांचं ते थांबणं आठवतं. एवढा आनंद मला परक्याच्या घरातल्या गोष्टीचा कधी झाला नव्हता, आणि परकं ते घर तेव्हा उरलंही नव्हतं.

काका भिंतीशी हात मागे बांधून उभे होते. गाणं संपल्यावर लोक काकूंभोवती जमले, तेव्हा ते मिशीला पीळ देत दिनेशजवळ गेले. "बघितलंस सिस्टीम कशी रुळलीय?"

स्पीकर खरोखर रुळतो की नाही, याचा निकालही पुढे एकदा लागला. गोपसेठने एकाच मेकचे दोन डबे पडद्याआड ठेवले, एक काकांनी महिनाभर वाजवलेला, दुसरा खोक्यातून नुकताच काढलेला. काकांनी डोळे मिटून ऐकलं आणि ठणकावून निवड केली ती कोऱ्या डब्याची. गोपसेठ नाचायचेच बाकी होते. काका जराही ओशाळले नाहीत. "डबा थोडाफार रुळत असेल, नसेल," ते म्हणाले. "कान रुळतो. आणि कान रुळवायचा तर आवाज कमीच लागतो. म्हणजे मीच बरोबर." मी विचारलं, मग आता गोधडी कशाला? तर म्हणाले, "सवय आहे हो. त्यांनाही वाईट वाटायला नको."

गेल्या वर्षी काका गेले, झोपेतच, कुणालाही हाक न मारता. विहारात त्यांच्यासाठी वंदना झाली तेव्हा दिनेशने आवाज बरोबर काकूंनी दाखवलेल्या जागी ठेवला होता, आणि पुढची ओळ काकूंनी घेतली. महिला मंडळात आता त्यांच्याशिवाय गाणं सुरू होत नाही. पहिल्या ओळीत बसतात, आणि कुणी घाई केली तर डोळे वटारतात.

मध्यंतरी मी घरासाठी स्पीकरची जोडी घेतली. गोपसेठने खोकं बांधता बांधता बजावलं, "दो-चार दिन धीरे चलाना मॅडम. साळवे साईं का कायदा है." घरी येऊन मी दोन्ही स्पीकर एकमेकांकडे तोंड करून ठेवले, एकाची वायर उलटी जोडली, वर आमची जुनी गोधडी घातली आणि आवाज अगदी खाली ठेवला. स्वयंपाकाला लागले तोच बेल वाजली.

दारात सुमनकाकू होत्या. पदर कमरेला खोचलेला, कपाळाला आठ्या.

"वैशू, काय लावलंयस गं हे? भिंतीतून घूं घूं येतंय. मला ऐकू येतंय."

मी बाजूला सरकले. त्यांनी हॉलमध्ये पाहिलं. गोधडीकडे बघत त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"तुमचे कान चांगले आहेत काकू," मी म्हटलं. "या, चहा घ्या."